डोळ्यांवर हात

११ जानेवारी

भिंगरे,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक खास तुझ्या नाकाला. नीट पोचलीस का, शिंका थांबल्या का, ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि मला "बरणी आहे" ऐकू येतं, मग मी दिवसभर कसली बरणी म्हणून विचार करत बसतो. मामाला पत्र लिहिणारी खेळाडू अख्ख्या स्पर्धेत तू एकटीच असशील. असू दे.

डबीतल्या शिंकांच्या गोळ्या अर्ध्याच घे. अख्खी घेतलीस की कोर्टवर पेंगतेस, हे तूच सांगितलंस. एकेक गोळी मी स्वतः कापलीय. मामी म्हणते, एवढा काय सोहळा, सुरीने झालं असतं. सुरीने तुकडे होतात, अर्ध्या होत नाहीत. गोळीच्या मधोमध रेघ असते ती काय शोभेला? ज्याने उभी हयात टेनिस कोर्टाच्या रेघेवर डोळे लावून "आऊट" पुकारण्यात घालवली, ज्याला सगळा क्लब आऊटमामा म्हणतो, त्याच्या हातून गोळी वाकडी कापली जाईल? मामीची थायरॉइडची, माझी बी.पी.ची, तळमजल्यावरच्या आजोबांची कसलीशी, सगळ्यांना माझं गोळ्या कापायचं एकच कटर पुरतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या त्या महाराणीचं वाचलंस ना? जगातली पहिल्या नंबरची बाई, तिच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडतं, महिनोन् महिने कुणाला पत्ता नाही, बाई खेळतेय, करंडक उचलतेय, आणि आता म्हणे सगळं मिटलं. का, तर कुत्र्याला औषध पाजताना तिच्या हाताला लागलं आणि त्याच हाताने ती जेवली! मग बंदी कुत्र्यावर घाला की. मी क्लबात गेलो आणि भिंतीवरचं तिचं पोस्टर ओढून काढलं. कोपरा फाटला. तुझ्या फोटोशेजारी चोर नको. कमिटीचे लोक बघत राहिले, कुणाची बोलायची हिंमत झाली नाही.

हल्ली मी तिथे नुसता बसून असतो. मोठ्या सामन्यांत रेघांवर यंत्रं आली आणि आम्ही रेषापंच घरी आलो. यंत्र चुकत नाही म्हणतात. नसेल चुकत. आमच्या वेळी खेळाडू मध्ये आला आणि चेंडू दिसला नाही, तर आम्ही दोन्ही हात डोळ्यांवर धरायचो. मुख्य पंचाला कळायचं, की याला दिसलेलं नाही, हा काही पुकारणार नाही. मला त्या खुणेची फार लाज वाटायची. बोटांवर मोजण्याइतक्या वेळा केली असेल, आणि दर वेळी घरी येऊन धड जेवलो नाही. मामीला विचार.

तुझा,
आऊटमामा

२४ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार, पण पाठ धरलीय म्हणून उभ्यानेच.

शिंका पळाल्या. तुझ्या अर्ध्या गोळ्या इतक्या अचूक आहेत की माझ्या खोलीतल्या जोडीदारणीने दोन अर्ध्या एकमेकींना लावून बघितल्या, फट दिसेना. ती डबी मामीच्या बटणांची आहे ना? तळाशी एक निळं बटण सापडलं. ते मी गोळी समजून गिळणार होते.

इथे माझी गंमत चाललीय. नंबर दोनशेच्या आसपास, खोली दोघींत एक, मोजे बेसिनमध्ये धुवून खिडकीच्या कडीला वाळत घालायचे. तरी उपांत्य फेरीपर्यंत गेले! हरल्यावर लगेच एक बाई आली आणि म्हणाली, चला, नमुना द्या. आता मामा, तुला कसं सांगू. ती बाई समोर उभी राहून बघत असते. अगदी टक लावून. तुझ्यासारखीच, रेघेवर. एवढं पाणी प्यायले तरी होईना, शेवटी तिने बिचारीने नळ सोडला तेव्हा कुठे जमलं.

आणि हो, तुला आवडेल अशी बातमी. एका वार्ताहराने महाराणीबद्दल विचारलं. मी म्हटलं, "माझ्यासारखीच्या बाबतीत असं झालं असतं तर मी आत्ता घरी बसले असते. तिला वकिलांची फौज परवडते. खरं तर तिने स्वतःहून घरी बसायला हवं होतं. काही न घेता काही सापडत नाही." मामा, ते वाक्य सगळीकडे फिरतंय! मी सामने जिंकले तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि एक वाक्य बोलले तर लोक माझ्यासोबत फोटो काढून घेतायत.

तुझी,
भिंगरी

५ फेब्रुवारी

भिंगरे,

शाब्बास! तुझ्या वाक्याचं कात्रण मी क्लबात तुझ्या फोटोखाली लावलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावतो. मामी म्हणते, मला तुझ्यापेक्षा जास्त चढलीय.

"काही न घेता काही सापडत नाही." वा! भाची कुणाची?

आऊटमामा

१९ मार्च

मामा,

पेपरात आलंच असेल. माझ्या नमुन्यात सापडलं. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली उघडली, तिच्यातही तेच. सुनावणी होईपर्यंत मला खेळता येणार नाही, कुठल्याच क्लबात पाय ठेवता येणार नाही.

मी काही घेतलेलं नाही.

काय सापडलं ते विचारू नकोस. वकीलबाईंनी बोलायला मनाई केलीय.

भिंगरी

२७ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र मी चष्मा पुसून पुसून वाचलं. एवढंसंच होतं.

क्लबात काय चाललंय ते तुला कळायला हवं. परवा कमिटीची बैठक झाली. तुझा फोटो काढावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कात्रण तर कुणीतरी आधीच लाल पेनने रंगवून ठेवलं होतं. मी कोपऱ्यात बसलो होतो. मला विचारलं, मामा, तुमचं काय म्हणणं? मी काही बोललो नाही. फोटो काढला.

मी का बोललो नाही, ते तुला स्पष्टच सांगतो. वकील पेपरवाल्यांशी बोलायला मनाई करतात, मामाशी नाही. महाराणीनेसुद्धा औषधाचं नाव सांगितलं होतं. ज्याने काही केलेलं नसतं, तो नाव लपवत नाही. लहानपणी तू काचेची बरणी फोडलीस तेव्हाही "काय फुटलं ते विचारू नका" असंच म्हणाली होतीस.

घेतलं असशील तर तसं सांग. दुखापत होती, पाठ धरली होती, कुणीतरी दिलं, तू घेतलंस. मी ओरडेन, पण तुझ्यामागे उभा राहीन. फक्त नाव सांग.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे पत्र त्यांनी तीनदा फाडून परत लिहिलं. जेवणावर लक्ष नाही. तू मनावर घेऊ नकोस, आणि खात जा.

८ एप्रिल

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आपलं पत्र पोचलं.

आपण विचारता, घेतलं का. मी लिहिलं होतं, घेतलेलं नाही. आपल्याला ते पुरलं नाही. मग मला एक सांगा, तुम्ही पाहिलंत का? तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसला होतात? तुम्ही तर सांगत होतात, की दिसलं नाही तर हात डोळ्यांवर धरायचे. कमिटीपुढे तुमचे हात कुठे होते, मामा? मांडीवर?

बाकीच्यांबद्दल माझी तक्रार नाही. माझंच वाक्य मला रोज परत येतं. "काही न घेता काही सापडत नाही." अनोळखी लोक पाठवतात. काही जण त्याला हसरा चेहरा जोडतात. बूटवाल्या कंपनीने दोन ओळींत राम राम केला. जोडीदारणीने दुसरी जोडीदार शोधली, आणि तिचं काही चुकलं नाही, तिलाही खेळायचंय. महाराणीची फाईल धावत गेली होती, माझी रांगेत उभी आहे. प्रत्येक तपासणीसाठी थांबा, प्रत्येक कागदासाठी थांबा. तिच्यावर अन्याय व्हायला हवा होता असं मी आता म्हणत नाही. तिला मिळाला तसा झटपट न्याय मलाही मिळावा, एवढंच.

मी लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहते, तिच्या मागच्या भिंतीवर रोज चेंडू मारते. पहिल्यांदा लाँड्रीवाल्या बाई ओरडायला बाहेर आल्या, की इस्त्री करताना छाती धडधडते. आता त्या स्टूल घेऊन बसतात आणि चेंडू नाल्यात गेला की शिव्या घालतात. त्यांना मी कोण ते माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मला टेनिसातलं काही कळत नाही. तू भाडं वेळेवर देतेस आणि जिना झाडतेस, एवढं मी बघितलंय." त्यांनी माझ्याबद्दल जेवढं बघितलं तेवढंच सांगितलं. तुम्ही मला जन्मापासून बघताय.

आपली,
भाची

ता. क. तुमची बी.पी.ची गोळी वेळेवर घेता ना? अजून अर्धी करूनच घेता का?

१७ एप्रिल

भिंगरे,

तू मला "तुम्ही" म्हणालीस. अख्ख्या पत्रात. मामीने पत्र वाचलं आणि म्हणाली, बसलं का वर्मी? मी म्हटलं, बसलं. हात मांडीवरच होते, हे तुझं खरं आहे.

पण मला झोंबलं ते शेवटचं. मी दोन दिवस तुझ्यावर रागावून बसलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम डोक्यात आलं, की एवढी चिडलेली पोरगी माझ्या बी.पी.ची चौकशी का करतेय? त्यात "अजून अर्धी करूनच घेता का" हे कशासाठी? आजवर तू माझ्या तब्येतीबद्दल "जास्त तूप खाऊ नकोस" याच्यापलीकडे काही विचारलेलं नाहीस.

मी गोळ्यांचं पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, ही खेळाडूंना चालते का बघ. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, ही पाणी उतरवायची गोळी. हिने लघवी जास्त होते, म्हणून दुसरी औषधं लपवायला वापरतात. अजिबात चालत नाही. का, तुम्ही कुठे खेळताय?" ती हसत होती. मी तिथल्याच बाकावर बसलो.

घरी येऊन कटर उघडलं. पात्याखाली जे रबर आहे, त्याच्या खाचेत पांढरी पूड बसलेली होती. किती दिवसांची, कुणाच्या गोळीची, देव जाणे. मी ते कधी धुतलं नाही. पात्याला गंज चढेल म्हणून.

म्हणजे तुला सुरुवातीपासून माहीत होतं. नाव वाचल्या वाचल्या कळलं असणार, आमच्या जेवणाच्या टेबलावर ते पाकीट वर्षभर पडलेलं असतं. आणि तू मला वाचवत बसलीस! अगं, तू कोण मला वाचवणारी? मी तुला चोर ठरवलं, तू नाव लपवतेस म्हणून. आणि तू लपवत होतीस माझ्यासाठी.

कटर मी तसंच, न पुसता, पिशवीत घालून वकीलबाईंकडे पाठवलंय. त्यांचा पत्ता तुझ्या आईने दिला. सुनावणीला मी येणार आहे. जुना ब्लेझर मामीने उन्हात टाकलाय. बटणं लागत नाहीत, पण बटणं लावून कोण साक्ष देतं.

तुझा (अजून असलो तर),
मामा

२ मे

मामा,

मी परत "तू"वर आले आहे, कारण "तुम्ही" लिहिताना हात दुखतो.

असलास तर काय! आहेसच. पण तू हे करायला नको होतंस. मला तुझ्या दारात कॅमेरे यायला नको होते. तुला एका टवाळ पोराने "म्हातारा" म्हटलं तरी तुझं बी.पी. वर जातं. इथे लोक मला जे लिहितात ते तुला लिहायला लागले असते. म्हणून गप्प बसले. वकीलबाईंनासुद्धा आधी सांगितलं नव्हतं. तुझी पिशवी पोचल्यावर त्यांनी मला बोलावून इतकं झाडलं, की तुझ्यासारखा दुसरा मामा भेटल्यासारखं वाटलं. गप्प बसण्यात माझे फुकट किती दिवस गेले ते त्यांनी ऐकवलं.

आता खरी अडचण ऐक. डबीत उरलेल्या अर्ध्या गोळ्या त्यांनी सीलबंद करून तपासायला दिल्या. काहींवर ती पूड सापडली, काहींवर नाही. समोरचे लोक म्हणतात, पूड नंतरही लावता येते. आणि गोष्ट तरी कशी आहे बघ. मामा रेषापंच, म्हणून गोळ्या अगदी रेघेवर कापतो, म्हणून सगळ्या घराच्या गोळ्या एकाच कटरने कापतो, म्हणून भाचीच्या पोटात बंदी असलेलं औषध गेलं. मामा, आपली कथा तर महाराणीच्या कुत्र्याच्या वरताण आहे! आपण त्या कुत्र्यावर किती हसलो होतो. मला काल रात्रीपासून सारखं वाटतंय, की त्या बाईने खरोखरच कुत्र्याला औषध पाजलं असेल तर?

वकीलबाई म्हणतात, सगळं तुझ्यावर आहे. पूड माझ्या गोळ्यांना लागताना तू पाहिलीस असं म्हणालास, तर वर्षाअखेर मी कोर्टवर. नाही तर दोन वर्षं घरी. दोन वर्षांनी माझे गुडघे मला विचारणार नाहीत.

मी तुला काही सांगत नाहीये. फक्त कळवतेय.

भिंगरी

३० जून

भिंगरे,

सुनावणीनंतर स्टेशनवर तू माझ्याशी बोलली नाहीस. वकीलबाई तर माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं मीच गोळी गिळलीय. गाडीत मामीसुद्धा खिडकीबाहेर बघत होती. म्हणून लिहितोय, कारण तुला ऐकावं लागणार नाही, वाचून टाकलं की झालं.

टेबलामागे निकाल देणारे ते तिघं बसले होते. पाण्याचे ग्लास झाकलेले होते, आणि माझा ब्लेझर पोटावर ताणलेला. मी सगळं सांगितलं. सकाळी नाश्त्याच्या आधी माझ्या आठवड्याच्या गोळ्या कापल्या. नाश्त्यानंतर, त्याच टेबलावर, त्याच कटरने तुझ्या कापल्या. मध्ये धुतलं नाही. कधीच धुतलं नव्हतं. इथपर्यंत मी पाहिलेलं होतं, केलेलं होतं, शपथेवर सांगितलं.

मग मधल्या बाईंनी विचारलं, "पूड तिच्या गोळ्यांना लागलेली तुम्ही स्वतः पाहिलीत का?"

तू समोर बसली होतीस. तुझ्या बोटांनी रुमालाची गाठ मारलेली मला दिसत होती. एक "हो" म्हणायचं होतं. मी तयारी करून आलो होतो, खोटं कशाला बोलू. गाडीत येताना ते "हो" मी मनातल्या मनात म्हणूनही बघितलं होतं.

आणि माझे हात वर गेले. आपोआप. दोन्ही हात डोळ्यांवर. एवढ्या वर्षांची सवय. हात तसेच धरून मी म्हणालो, "मला दिसलं नाही."

खोलीत कुणाला काही कळेना. तू तोंड फिरवलंस ते मला बोटांच्या फटीतून दिसलं.

भिंगरे, मी आधी एकदा, न बघता, तुला आऊट दिलं होतं. आता न बघता तुला आत कसा देऊ? ते देणं तुला आवडलं असतं, मलाही आवडलं असतं. पण मग तुझं पत्र वाचून मी शिकलो काय? तुझी दोन वर्षं माझ्या हातांमुळे गेली, तर त्या हातांचं काय करायचं ते मला माहीत नाही. रागाव, पण लिही.

मामा

४ ऑगस्ट

मामा,

निकाल लागला. मी सुटले!

आधी ते सांगून टाकलं, आता नीट सांगते. निष्काळजीपणा माझाही धरला. उघड्या डबीतून, दुसऱ्याने कापलेल्या गोळ्या खायला नको होत्या, हे त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. जेवढे महिने घरी बसले तेवढीच शिक्षा, ती भोगून झाली. महाराणीला शून्य दोष होता, मला थोडा. म्हणजे कुत्र्याला माफी मिळाली, मामाला नाही. वकीलबाई म्हणाल्या, यावर अपील करूया का? मी म्हटलं, नको, तो शहाणा होईल जरा.

आता मुख्य. निकालपत्र लांबलचक आहे, पण एक परिच्छेद मी तुझ्यासाठी जसाच्या तसा उतरवते. "साक्षीदार खेळाडूचा जवळचा नातेवाईक आहे, म्हणून त्याच्या साक्षीकडे आम्ही संशयाने पाहत होतो. परंतु जे आपण पाहिलं नाही, ते पाहिलं असं म्हणण्याची संधी असूनही तो तसं म्हणाला नाही. म्हणून जे आपण पाहिलं, असं तो म्हणतो, त्यावर आम्ही विश्वास ठेवतो."

वकीलबाई म्हणाल्या, की मधल्या बाई तरुणपणी पंच होत्या, हे आपल्याला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बरं झालं कळलं नाही.

स्टेशनवर मी रागाने गप्प होते, हे खरं आहे. खूप रागाने. घरी येऊन भिंतीवर इतके चेंडू मारले, की लाँड्रीवाल्या बाई स्टूल घेऊन आत गेल्या. तुझं पत्र आलं तेव्हा राग होता, वाचून झाल्यावरही थोडा होता. पण निकाल लागायच्या आधीच तो गेला होता, हे तू लक्षात ठेव. निकाल उलटा लागला असता तरी मी तुला हेच लिहिलं असतं. कदाचित जरा उशिरा.

त्याच वार्ताहराला मी फोन केला. म्हटलं, महाराणीबद्दल मी बोलले ते न पाहता बोलले, तेही छापा. त्याने छापलं. आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. ते फिरलं वगैरे काही नाही.

सप्टेंबरात खेळतेय.

तुझी,
भिंगरी

१३ सप्टेंबर

मामा,

छोटी स्पर्धा, पात्रता फेरी, बाजूचं कोर्ट. इतकी छोटी, की इथे रेघांवर अजून माणसंच असतात. आल्या आल्या बरं वाटलं.

पहिली सर्व्हिस करायला हात वर नेला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "गोळी घेतली का?" लोक हसले. सर्व्हिस जाळीत गेली. तो माणूस सेटभर ओरडत होता, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं. पहिला सेट गेला. खुर्चीवर बसले तेव्हा वाटलं, उठूच नये. मग वाटलं, या माणसाने काय पाहिलंय? काही नाही. मी जानेवारीत जेवढं पाहिलं होतं तेवढंच. त्याच्यावर रागावायला मला तोंडच नाही. उठले आणि खेळले.

तिसऱ्या सेटमध्ये, अगदी शेवटाला, समोरचीने मारलेला चेंडू माझ्या पायाशी, मागच्या रेघेवर पडला. मी मध्ये उभी होते. रेघेवर एक कोवळी मुलगी होती, ब्लेझर तिच्यापेक्षा मोठा. सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि तिने दोन्ही हात डोळ्यांवर धरले.

लोकांनी हुर्यो उडवली, मामा! ती लाल झाली. मुख्य पंचालाही दिसलं नव्हतं. पॉइंट पुन्हा खेळायचा ठरला. मी रॅकेट बगलेत धरली आणि टाळ्या वाजवल्या, त्या मुलीसाठी. अख्ख्या कोर्टवर मी एकटीच. तिने हात खाली घेतले, पण बघायचं कुठे ते तिला कळेना.

तो पॉइंट मी हरले. सामना जिंकले. तो माणूस शेवटपर्यंत ओरडला, पण बाकीचे दोघं कधीतरी थांबले होते.

शिंका परत सुरू झाल्यात. आता अख्खी गोळी, सीलबंद पाकिटातली, सामना संपल्यावर घेते आणि मस्त झोपते. मामीला निळं बटण आणून देते म्हणावं.

भिंगरी

२१ सप्टेंबर

भिंगरे,

पत्र क्लबात वाचून दाखवलं. "टाळ्या वाजवल्या" इथपर्यंत आलो आणि पुढचं कमिटीच्या सेक्रेटरीला वाचायला दिलं. त्याला तुझं अक्षर लागेना, तरी रेटलं त्याने.

घरी मामीने चार कटर आणली आहेत. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव. माझ्या कटरवर "हे" असं लिहिलंय, माझं नाव ती घेत नाही म्हणून. तळमजल्यावरच्या आजोबांना सांगितलं, आता आपली आपण कापा. त्यांचे तुकडे होतात. मी बघत नाही.

तुझा फोटो भिंतीवर परत लागला. लावताना हातोडी मीच धरली. मग घरी गेलो आणि महाराणीचं पोस्टर कपाटामागून काढून आणलं, फाटलेला कोपरा चिकटपट्टीने जोडला आणि तुझ्या शेजारी, जिथे होतं तिथे लावलं. वाकडं लागलंय जरासं. असू दे.

कमिटीतला एक जण मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "म्हणजे मामा, तुमच्या मते ती बाई निर्दोष होती तर?"

मी त्याच्याकडे वळलो आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरले.

त्याला ती खूण कुठली माहीत असायला. त्याला वाटलं, मी रडतोय. खांद्यावर हात ठेवून त्याने मला खुर्चीवर बसवलं, स्वतः जाऊन चहा आणला, दोन चमचे साखर घालून. तसा थोडा रडतही होतो. पण ते त्याला हातांमागचं कसं दिसणार.

तुझा,
आऊटमामा